माझ्या मळमळीचे आकडे

मला गाडी लागते. पहिल्याच वाक्यात सांगून टाकते, कारण पुढच्या सगळ्या प्रकरणाचं मूळ तिथे आहे. लहानपणी आजोळी जाताना घाट सुरू झाला की वडील एसटीच्या खिडकीशी माझं कपाळ धरून बसत. लग्नानंतर ते काम ह्यांनी घेतलं, आणि चांगलं केलं. चौतीस वर्षं, प्रवासाला निघताना ह्यांच्या सदऱ्याच्या खिशात एक लिंबू असायचं आणि पँटच्या खिशात घडी घातलेली प्लास्टिकची पिशवी. कंडक्टरशी हुज्जत घालून मला पुढची सीट मिळवून द्यायचे. महाबळेश्वरला मी तीनदा गेले आणि तिन्ही वेळा फक्त रस्ता पाहिला, पण त्या रस्त्याच्या प्रत्येक वळणाला ह्यांचा हात माझ्या पाठीवर होता, हेही खरं आहे.

दुखणं मी सोसते. बाळंतपण झालं, दाढ काढली, मनगट मोडलं, कधी आरडाओरडा केला नाही. उलटीपुढे मात्र मी हरते. पोटातून वर यायला लागलं की मला लाज, भीती आणि मरण एकाच वेळी दिसतं. हे ज्याला पुरतं ठाऊक आहे असा जगात एकच माणूस होता, आणि मी त्याच्याशी लग्न केलेलं होतं.

ज्यांचं ऑपरेशन व्हायचं आहे त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून हे लिहिते आहे. थोडं स्वतःच्या रागासाठीही लिहिते आहे. तो अजून उतरलेला नाही.

जिलबीनंतर

लोणी काळभोरला माझ्या भाच्याचं लग्न होतं. जेवणात जिलबी होती, मठ्ठा होता, मी आग्रहाला बळी पडले. हात धुवायला उठले तर उजव्या बरगडीखाली कळ आली आणि मी तिथेच नळाशी बसले. आमच्या मुलीने, केतकीने, गाडी काढली आणि सोलापूर रस्त्याने आम्ही थेट पुण्यात एका मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत गेलो. वाटेत मी चार वेळा ओकले. पिशवी ह्यांच्या खिशात होतीच.

कॅज्युअल्टीत एका सिस्टरने माझा अंबाडा वर धरून ठेवला आणि म्हणाली, "मावशी, लाजू नका, इथं सगळे हेच करायला येतात." मग सलाईनच्या नळीतून एक इंजेक्शन दिलं. दहा मिनिटांत पोटातली ढवळाढवळ बसली. कळ तशीच होती, पण तिला मी बघून घेणार होते. त्या सिस्टरचं नावही मला माहीत नाही, पण तिचा हात आठवला की अजून बरं वाटतं.

सोनोग्राफी झाली. पित्ताशयात खडे, सूज आणि आत पू. सर्जन म्हणाले, दुर्बिणीने प्रयत्न करू, नाहीतर पोट उघडावं लागेल. मी विचारलं, "नंतर उलट्या होतील का?"

ते हसले. "काकू, जीव वाचतोय ते बघा की."

मी जीव बघतच होते. उलटीबद्दलही मला कुणीतरी नीट सांगायला हवं होतं.

सरांचा निखिल

ते सांगणारा माणूस संध्याकाळी आला. भूल देणारे डॉक्टर म्हणून एक पस्तिशीचा उंच मुलगा खोलीत शिरला, ह्यांच्याकडे बघून थबकला आणि सरळ पायाच पडला. "सर! ओळखलंत? नववी ब, निखिल."

ह्यांनी सदाशिव पेठेतल्या एका शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं. आजही दूध आणायला गेले तर वाटेत चार जण "सर" म्हणून थांबवतात. कडक म्हणून त्यांचा लौकिक होता, पण एका गोष्टीत ते लोण्यासारखे मऊ होते. दोन मार्कांसाठी कुणाला नापास करायचे नाहीत. पेपर तपासताना तेहतीस दिसले की पेन उचलून पुन्हा पहिल्या पानावर जायचे आणि कुठे तरी दोन मार्क शोधून काढायचेच. मला म्हणायचे, "शुभा, दोन मार्कांनी पोराचं वर्ष जातं. माझं काय जातं?" मला ह्यांच्या स्वभावातलं हे सगळ्यात आवडायचं. निखिल त्याच तेहतीसवाल्यांपैकी होता आणि त्याने ते स्वतःच हसत हसत सांगितलं.

मग तो माझ्याकडे वळला. ऑपरेशननंतरच्या मळमळीवर त्याचं संशोधन चाललं होतं. बायका, गाडी लागणाऱ्या, सिगारेट न ओढणाऱ्या, अशांना त्रास जास्त होतो, म्हणजे मी अगदी त्याच्या कामाची होते. नेहमीचं औषध सगळ्यांनाच मिळणार. त्याच्या जोडीला काहींना एक नवीन औषध, काहींना नुसतं सलाईनचं पाणी. कुणाला काय, ते बंद पाकिटात.

"मलाही कळणार नाही, काकू. कळलं तर मी आपोआप माझ्या औषधाची बाजू घेईन ना."

मला हे आवडलं. स्वतःवर विश्वास न ठेवणारा डॉक्टर मी पहिल्यांदाच पाहत होते.

चार पानांचा मराठी फॉर्म होता. त्यातल्या एका ओळीसाठी मी सही केली. नर्स ठरावीक वेळाने येऊन शून्य ते दहात मळमळ किती ते विचारणार. चार किंवा जास्त असेल, किंवा पेशंटने नुसतं मागितलं, तरी लगेच दुसरं इंजेक्शन देणार. म्हणजे माझ्या हातात एक दोरी होती आणि ती मी कधीही ओढू शकत होते.

ह्यांनी तो फॉर्म पेन घेऊन दोनदा वाचला. "आणि ते दुसरं इंजेक्शन लागलं तर?" त्यांनी विचारलं.

"मग आमच्या हिशेबात औषध नापास, सर," निखिल हसून म्हणाला. शाळेची भाषा त्याने सरांसाठीच वापरली होती. मीही हसले.

दुपार

सकाळी नऊला आत नेलं. दुर्बिणीने जमलं नाही, पोट उघडावं लागलं. बाराच्या सुमारास खोलीत आणलं तेव्हा मी शुद्धीवर होते आणि शुद्धीवर आल्याचा पश्चात्ताप करत होते.

ज्यांनी हे अनुभवलंय त्यांना सांगायला नको. खोली फिरत नव्हती, मी फिरत होते. डोळे उघडले की छत खाली यायचं, मिटले की गादी वर. पोटात काही नव्हतं, त्यामुळे नुसते कोरडे उमाळे, आणि प्रत्येक उमाळ्याला टाके आतून ओढले जायचे. शेवटी थोडं कडू पिवळं पाणी पडायचं. हे स्टीलचा ट्रे धरायचे, तोंड पुसायचे, ट्रे बाथरूममध्ये धुऊन आणायचे. किती सेवा करतोय हा माणूस, असं मला त्या अवस्थेतही वाटत होतं.

संशोधनाचं काम बघणारी नर्स वैशाली नावाची हसरी मुलगी होती, लोणीकडचीच. फाईल घेऊन आली. "काकू, कसं हाय आता? मळमळ किती हाय, शून्य ते दहात?"

तोंड उघडलं तर काय बाहेर येईल ह्या भीतीने मी ओठ आवळून पडले होते. ह्यांनी हळू आवाजात काहीतरी सांगितलं आणि ती लिहून निघून गेली. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. डॉक्टरांनी मला विचारायचं आणि ह्यांनी सांगायचं, ही आमच्या घरची जुनी पद्धत. जीभ दाखवण्यापुरतीच मी डॉक्टरांकडे तोंड उघडत आले. बऱ्याच घरांत असंच असतं, आणि आपण त्याला काळजी म्हणतो.

दोनच्या सुमारास मी ह्यांचं मनगट धरलं. "अहो, काहीतरी द्यायला सांगा ना. ते दुसरं इंजेक्शन."

ह्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवला. "दिलंय त्यांनी, शुभा. मघाशीच दिलं. थोडा धीर धर."

दिलंय. हा शब्द मी पुढे आठ महिने उशाशी घेऊन झोपले.

तीनच्या सुमारास निखिल आला. माझी नाडी पाहिली, फाईल पाहिली, "छान चाललंय" म्हणाला. मग दोघं खिडकीशी उभे राहून शाळेतल्या गॅदरिंगच्या गोष्टी काढून हसत होते. मी भिंतीकडे तोंड करून त्यांचं हसणं ऐकत होते आणि मनात म्हणत होते, ह्यांनी सगळं दिलं, दोन्ही औषधं दिली, तरी माझं शरीरच असं हट्टी, त्याला कोण काय करणार. रात्री नऊला ते सगळं आपोआप ओसरलं. नऊ तास झाले होते.

आठ महिने

टाके सुकले, मी घरी आले, मऊ भातावरून पोळीवर आले. चार-पाच महिन्यांनी आंघोळ करताना वणाशेजारी एक फुगवटा हाताला लागला. खोकलं की मोठा व्हायचा, आडवं झालं की आत जायचा. सर्जन म्हणाले हर्निया. शिवण एका जागी सैल झाली, पुन्हा ऑपरेशन करून जाळी बसवावी लागेल.

"कशामुळे झालं?" मी विचारलं.

"सांगता येत नाही. आधीचा पू, वजन, खोकला, उलट्यांचा ताण, कशानेही होतं."

मी ऑपरेशनला नाही म्हटलं. साफ नाही. पोटाला पट्टा बांधून फिरायला लागले, पाण्याची बादली उचलायची बंद केली, केतकीच्या मुलाला, माझ्या नातवाला, कडेवर घेणं सोडलं. तो वारज्याहून यायचा, हात वर करायचा आणि मी खाली बसून त्याला जवळ घ्यायचे. तीन वर्षांच्या मुलाला हर्निया समजावता येत नाही.

केतकी चिडायची. "आई, सीरियसली, मळमळीला घाबरून कुणी सर्जरी टाळतं का? त्याच्यावर मेडिसिन्स असतात."

"मला सगळी दिली होती," मी म्हणायचे. "दोन्ही दिली. माझ्यावर चालत नाहीत. विचार तुझ्या बाबांना."

आणि बाबा वर्तमानपत्राची घडी घालत म्हणायचे, "तिची इच्छा नाही ना, मग कशाला मागे लागतेस."

किती समजूतदार नवरा, असं मला वाटायचं. वाचणाऱ्याने हे वाक्य लक्षात ठेवावं. मला ते आता विसरता येत नाही.

खरं तर मला तेव्हाच शंका यायला हवी होती. कॅज्युअल्टीत एका इंजेक्शनने दहा मिनिटांत बसलेलं पोट, दोन-दोन औषधांना नऊ तास दाद देत नाही, हे गणित जुळत नव्हतं. पण ह्यांनी सांगितलं होतं ना. गणिताचा माणूस घरात असताना मी कशाला आकडेमोड करू?

केसपेपर

आठव्या महिन्यात एका सकाळी तो फुगवटा आत जाईना. दुखायला लागलं. तासाभराने गेला, पण सर्जननी सांगितलं की आता थांबायचं नाही, पुढच्या वेळी आतडं अडकलं तर जिवावर बेतेल. भुलीआधीच्या तपासणीसाठी आम्ही दोघं त्याच हॉस्पिटलात गेलो. निखिल नव्हता. एक तरुण डॉक्टरबाई होत्या, त्यांनी जुनी फाईल उघडली.

मी मनाशी तयारी करून गेले होते. म्हटलं, "डॉक्टर, मला मळमळीचा फार त्रास होतो. मागच्या वेळी दोन्ही औषधं देऊनसुद्धा नऊ तास…"

त्यांनी पान उलटलं. "मागच्या वेळी? इथे तर तुमचं छान गेलेलं दिसतंय." आणि बोट ठेवून वाचलं, "सहा वेळा विचारलंय. दोन, एक, दोन, एक, एक, शून्य. जादा इंजेक्शन, लागले नाही."

"म्हणजे दिलं नाही?"

"लागलंच नाही ना. उत्तर देणारी व्यक्ती, पती." त्या ह्यांच्याकडे बघून हसल्या. "तुम्हीच सांगितलेलं दिसतंय, काका."

ह्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर रिक्षास्टँडशिवाय काही नव्हतं.

मी टेलिफोन खात्यात अठ्ठावीस वर्षं तक्रार विभागात काम केलं. लोक फोनवर शिव्या घालायचे, रडायचे, आणि मी प्रत्येकाचं म्हणणं जसंच्या तसं लिहून घ्यायचे. लाईन खराब आहे म्हणणाऱ्याच्या नावापुढे मी कधी "लाईन ठीक" लिहिलं नाही. माझी स्वतःची तक्रार मात्र सहा वेळा खोटी नोंदवली गेली होती, आणि ती माझ्या उशाशी उभं राहून नोंदवली गेली होती.

डॉक्टरबाईंना मी म्हटलं, "हे आकडे माझे नाहीत. माझा आकडा नऊ होता. तुम्ही नऊ लिहा." त्यांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि काही न विचारता लिहिलं. त्यांचे मी आभार मानते.

जेवणाचं टेबल

परतीच्या रिक्षात लक्ष्मी रस्त्याच्या गर्दीत गचके बसायला लागले तसा ह्यांचा हात सवयीने खिशात गेला आणि लिंबू माझ्यासमोर आलं. मी ते घेतलं नाही. तसाच हात पुढे धरून ते घरापर्यंत बसले.

घरी मी पाणीसुद्धा न पिता टेबलाशी बसले. "आता सांगा."

"अगं, मला वाटलं, तासाभरात कमी होईल…"

"पहिल्यांदा वाटलं असेल. सहा वेळा काय वाटलं?"

ते म्हणाले, "एकदा दोन सांगितल्यावर पुढे एकदम आठ कसं सांगणार? आणि तो पोरगा इतक्या मेहनतीने… ते इंजेक्शन लागलं असतं तर त्याचं औषध नापास झालं असतं. तूही ऐकलंस की. मी काही वाईट हेतूने…"

"तुम्ही त्याला मार्क वाढवून दिलेत," मी म्हटलं. "तेहतीसचे पस्तीस केलेत. पण पेपर माझा होता हो."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला एरवी ह्यांच्या डोळ्यांतलं पाणी बघवत नाही. त्या दिवशी बघवलं.

"मी मागितलं होतं," मी म्हटलं. "तुमचं मनगट धरून मागितलं होतं. तुम्ही दिलंय म्हणालात. तेही एक वेळ सोडून देते, तुम्ही घाबरला असाल. पण नंतर? आठ महिने मी पोटाला पट्टा बांधून फिरत होते. माझ्यावर औषध चालत नाही म्हणून मी मरायला तयार होते. एका वाक्याने माझी भीती गेली असती. तुम्ही वर्तमानपत्राची घडी घालत बसलात."

"सांगणार होतो. रोज सांगणार होतो."

"सरांचं नाव खराब झालं असतं ना."

ह्यावर त्यांनी मान खाली घातली, म्हणजे तेच होतं. एकतीस वर्षांत ज्या माणसाला कुणी खोटारडा म्हटलं नाही, त्याला बायकोसमोर खोटारडं व्हायचं नव्हतं. त्यापेक्षा बायकोची भीती बरी.

त्यांनी सांगितलं

मी एकच अट घातली. निखिलला हे सांगायचं, आणि ह्यांनी सांगायचं. मी फक्त शेजारी बसेन. आयुष्यात पहिल्यांदा ते डॉक्टरांपुढे माझं खरं बोलणार होते.

निखिलने चहा मागवला, "सर, बसा ना" म्हणाला. ह्यांनी उभ्यानेच सांगितलं. आवाज वर्गातल्यासारखा काढायला गेले, जमला नाही. निखिलचं पेन थांबलं.

त्याने टोपण लावून ते बाजूला ठेवलं. मग म्हणाला, "सर, काकूंना नवीन औषध मिळालं की नुसतं पाणी, ते मला अजून माहीत नाही. पाकिटं उघडायची आहेत. पाणी मिळालं असेल, तर तुम्ही पाण्याला पास केलंत."

ह्यांनी आता खुर्ची ओढली आणि बसले. गणिताच्या मास्तरांनी एवढी साधी गोष्ट आठ महिन्यांत हिशेबात धरलीच नव्हती. माझा त्रास कमी सांगून त्यांनी निखिलला मदत केली की त्याचं औषध बुडवलं, हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं. कुणालाच ठाऊक नव्हतं. माझे नऊ तास कुणाच्या खात्यावर गेले, ह्याचं उत्तर अजून बंद पाकिटात होतं.

"हे संशोधनावर देखरेख करणाऱ्या समितीला कळवावं लागेल," निखिल म्हणाला. "कदाचित बाकीचेही कागद पुन्हा तपासावे लागतील, कुठे कुठे नातेवाईकाने उत्तर दिलंय ते." मग माझ्याकडे वळला. "काकू, चूक आमची आधी आहे. वैशालीने तुमच्याच तोंडून ऐकायला हवं होतं. आणि मी तीन वाजता आलो होतो. सरांशी बोललो आणि गेलो. तुमच्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही."

"मी भिंतीकडे तोंड करून होते," मी म्हटलं.

"म्हणूनच बघायला हवं होतं."

निघताना तो सरांच्या पाया पडला नाही. ह्यांच्या ते लक्षात आलं, माझ्याही आलं. दार उघडून धरलं त्याने, तेवढंच. जिन्यात ह्यांनी माझ्या हाताला आधार द्यायला हात पुढे केला आणि मी कठडा धरला.

दुसऱ्यांदा

ऑपरेशनची तारीख आली. जाण्याआधीच्या आठवड्यात मी केतकीला सगळं सांगितलं. ती बाबांशी दोन दिवस बोलली नाही, मग बोलली. ती मुलगी आहे, तिला परवडतं. मला अजून जमत नाही. आम्ही एकाच घरात राहतो, मी चहा करते, हे भाजी आणतात, संध्याकाळी बातम्या बघतो. कुणी विचारलं तर सगळं ठीक आहे. पण पूर्वी ह्यांनी "बाहेर पाऊस नाही" म्हटलं तर मी छत्री न घेता निघायचे. आता खिडकी उघडून बघते.

तुमचं किंवा घरात कुणाचं ऑपरेशन असेल, तर माझं एवढं ऐका. संशोधनाला घाबरू नका. मला त्या फॉर्मने फसवलं नाही, त्यात सगळं स्पष्ट लिहिलं होतं. पण किती दुखतंय, किती मळमळतंय, तो आकडा स्वतः सांगा. बोलता येत नसेल तर बोटं दाखवा. उशाशी कितीही मायेचा माणूस असला तरी. खरं तर मायेचा असेल तर जास्तच, कारण त्याचं बोलणं कुणी तपासून बघत नाही.

दुसऱ्या खेपेला ऑपरेशन दुपारी होतं. खोलीत आणलं तेव्हा समोरच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. छत खाली यायला लागलं होतं. हे उशाशी ट्रे घेऊन उभे होते. वैशाली आली. ह्या वेळी मी कुठल्याही संशोधनात नव्हते, तरी ती स्वतःहून आली होती. तिने फाईल मिटलेलीच ठेवली आणि वाकून माझ्या तोंडाशी आली.

"काकू, तुमीच सांगा. किती हाय?"

ह्यांचे ओठ हलले. सवय. मी डोळे उघडले आणि म्हटलं, "तुम्ही बाहेर थांबा."

त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला आणि गेले. दार हळूच लावलं.

"सात," मी वैशालीला म्हटलं. तोंड उघडल्याने उमाळा आला, तिने ट्रे धरला, काही पडलं नाही. दुसऱ्या हाताने तिने बेल दाबली आणि इंजेक्शन आलं. चार वीसला ते नळीतून गेलं. मी घड्याळाकडे बघत राहिले. मोठा काटा सहावर गेला तेव्हा छत आपल्या जागी होतं.

साडेचार वाजले होते. एवढंच लागतं. इंजेक्शन आणि दहा मिनिटं.

मी रडायला लागले. वैशाली घाबरली, "दुखतंय का लई?"

"नाही गं. गेली मळमळ."

तेवढ्यात दार फटीएवढं उघडलं. ह्यांचा आवाज आला, "शुभा, आत येऊ का? आता किती आहे?"

मी दाराकडे न बघता वैशालीला म्हटलं, "त्यांना सांग, शून्य. आणि हा आकडा मी स्वतः दिलाय म्हणून सांग."

ती दाराशी गेली आणि तिने तसंच सांगितलं.